अर्ध्यावरचा कागद

ऑक्टोबर सरत आला की सुपीरियर सरोवरावरून वारा निघतो
तो थेट खोली क्रमांक एकशे चौदात शिरतो,
खिडकीच्या फटीत कोंबलेल्या वर्तमानपत्राला न जुमानता.
रेडिएटर ठणठण करतो, तापत मात्र नाही.
मी सत्तावीस फोल्डर वाटते.

"सप्टेंबरपासूनचं सगळं यात आहे," मी सांगते,
"निबंध, टिपणं, खाडाखोड, मध्येच सोडलेलं.
आज गुण नाहीत. आज नुसतं वाचा,
स्वतःचंच, पण परक्याचं असल्यासारखं.
मग या कागदावर लिहा: काय जमलं, कुठे अडलं,
आणि ख्रिसमसपर्यंत काय करून बघायचंय."

ओरिन लाहतीचा हात वर.
"किती ओळी, मिसेस कंगास?"
"खऱ्या असतील तितक्या."
तो तोंड वाकडं करतो.
खऱ्याला माप नसलं की मुलांची पंचाईत होते.

मग शांतता.
म्हणजे शाळेत जिला शांतता म्हणतात ती:
खुर्च्यांचे पाय, ओढलेली नाकं,
कुणाच्या तरी पेनाची टकटक.
डेलफीन आपला पहिला निबंध वाचून खुदकन हसते
आणि लगेच त्यावर हात ठेवते,
जुन्या फोटोतला आपलाच भांग झाकावा तशी.

रात्री स्वयंपाकघरात मी गठ्ठा सोडते.

वेडच्या कागदाला मासळीचा वास.
पहाटे चारला तो बापाबरोबर जाळी ओढतो.
"परिच्छेद सुरू करायला जमत नाही," तो लिहितो,
"आमच्या बोटीचं इंजिनही थंडीत असंच करतं.
एकदा लागलं की लागलं."

मारिसेला लिहिते:
"घरी स्पॅनिशमध्ये मी सगळ्यांना हसवते.
तुमच्या वर्गात अजून एकदाही नाही.
ख्रिसमसपर्यंत, एकदा."

ओरिन: "मी पुस्तक वाचलं नव्हतं."
चार शब्द.
या वर्षातलं त्याचं सगळ्यात नेटकं वाक्य.

आणि टॅमसिन बोड्री, तिसऱ्या रांगेतली,
जिचा आवाज मला आठवावा लागतो:
"माझ्या प्रत्येक निबंधावर तुम्ही लिहिता,
'अजून खुलवून लिही.'
मी मोजलं. नऊ वेळा.
कसं, ते एकदाही नाही.
पाचव्या वेळेनंतर मी शेवटचं पान बघणं सोडलं."

कॉफी निवते.
मी तिचा फोल्डर काढून बघते.
नऊच आहेत. तेच वळण, तीच तिरकी रेघ खाली,
जणू रबरी शिक्का.
लाल शाईला मुलं बिचकतात म्हणून मी हिरवी वापरते,
आणि त्याचा मला एकोणीस वर्षं केवढा अभिमान!

एक कागद उरलेला असतो. त्यावर मी माझं नाव घालते.
काय जमलं.
कुठे अडलं.
बाहेर बर्फाची नांगरगाडी दोनदा जाऊन येते
आणि कागदावर नावाखेरीज काही नसतं.

सकाळी मी तिच्या बाकापाशी स्टूल ओढते.
पेनाचं टोपण उघडत नाही.
तिच्या एका वाक्यावर नुसतं बोट ठेवते:
'आजोबा वारले तेव्हा घर थंड झालं.'
"थंडी कुठे होती?" मी विचारते.
"म्हणजे?"
"घरात नेमकी कुठे?"
ती खिडकीकडे बघते. मला वाटतं, बोलणार नाही.
पुन्हा तोच शिक्का मारला मी, फक्त तोंडाने.

मग ती हळूच म्हणते,
"त्यांच्या बुटांत.
दाराशीच होते. कुणी उचलेना.
मी पाय घालून बघितला."

मी काहीच म्हणत नाही.
ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही,
कागद जवळ ओढते, डोकं खाली.

घंटा होते. वर्ग उठतो, बाक खरडतात.
ओरिन दप्तर पाठीला लावून रेंगाळतो,
तिच्या खांद्यावरून डोकावतो.
"बाप रे! किती ओळी झाल्या हिच्या?"

मोजल्या नाहीत, मी म्हणते.