एक थर चांदी

चांदीची तार विसपुतेंकडूनच आणली,
जळगावच्या सराफ बाजारातून, वीतभर.
"कितीक लागेल?"
म्हटलं, एक थर.
"म्हणजे वर्ख?"
वर्ख जाड झाला, काका. त्यात अणूंचे शेकडो थर असतात.
त्यांनी कसोटीचा दगड पुसला
आणि माझ्याकडे असं पाहिलं,
जणू तागडीत मीच काही लपवतेय.

बांभोरीच्या टेकडीवर एप्रिल.
बाहेर पंचेचाळीस. आत, निर्वात कोठीत,
सिलिकॉनचा तुकडा बाराशे अंशांवर लखलखतो, काळवंडतो.
वरच्या थरातल्या अणूंचे हात सुटलेले,
म्हणून ते एकमेकांना धरून
सात बाय सातचा पट मांडून बसतात.
मग चांदी. सावकाश.
हिरव्या पडद्यावरचे ठिपके विझतात,
नवे उगवतात, तीस अंशांनी वळलेले.
सात गेलं, तीनाचं वर्गमूळ आलं.
वहीत वेळ लिहिते: पहाटे ३.४०.

पहाटेच, कारण दिवसा हायवेवरून केळीचे ट्रक जातात
आणि प्रत्येक ट्रक
अणूंच्या रांगेतून एक आडवी रेघ ओढून जातो.

सुईनं चित्र उमटवलं. मधाचं पोळं,
दर घरात दोन उजळ ठिपके.
रखवालदार हिंमतदादा दारातून वाकून म्हणाले,
"ह्या चांदीना मनी शेतस का?"
दोन वर्षांपूर्वी मीही हो म्हटलं असतं.

नाही, दादा.
जिथं उजेड, तिथं चांदी नाही.
तीन अणू कडेला बसतात;
त्यांनी मिळून राखलेली मधली रिकामी जागा
तेवढी चमकते.

नायट्रोजनची टाकी आली तेव्हा तुकडा गारठवला.
दोन ठिपक्यांतला एक मंदावला.
त्रिकोण सारखे नव्हतेच कधी,
एक थोरला, एक धाकटा;
उकाड्यात ते इतक्या झपाट्यानं जागा बदलत होते
की आम्हाला सरासरी दिसायची
आणि आम्ही तिलाच रचना म्हणायचो.
त्या रात्री मी बराच वेळ काही लिहिलं नाही.

बुधवारी उरलेली तार परत केली.
विसपुतेंनी काट्यावर ठेवली, चष्मा वर केला,
पुन्हा ठेवली.
"वापरलीच नाही की ही."
वापरली, म्हटलं.
त्यांनी पावती फाडली, तारीख घातली,
आणि वळणदार अक्षरात लिहिलं:
घट नाही.