आतली कडी

मन्मथअप्पांना बसवूनच नेलं.
त्यांच्यात रीतच तशी.
कपाळभर विभूती, मांडी घातलेली,
गल्ल्यावर बसायचे अगदी तसे.
फक्त समोर तराजू नव्हता.

औशात, किल्ल्याकडं वळताना डाव्या हाताला दुकान.
खिळे, बिजागऱ्या, सुतळी, साखळ्या,
भुशात निजवलेल्या कंदिलाच्या काचा,
आणि दारातच टांगलेल्या म्हशीच्या घंटा,
आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याला लागणाऱ्या.
‘जरा उंच बांधा की अप्पा.’
‘मग कळंल कसं, कोण आलं?’
चाळीस वर्षं तोच जबाब.

मी अठ्ठ्याऐंशी साली आले. सरकारी दवाखान्यात नर्स.
भाड्याची खोली, दाराला आतून नुसता दोरा.
कडी द्या, म्हटलं, स्वस्तातली.
त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही,
हातातल्या पिशवीकडं पाहिलं.
दोन वांगी, एक कांदा.
मग आत गेले, बराच वेळ खडखड,
आणि आणली एक काळी, वीतभर लांब,
गढीच्या दिंडीला शोभंल अशी.
‘एवढी नको हो.’
‘पैसे बारकीचेच घेऊलालो, सिस्टरबाई.’
संध्याकाळी त्यांचा गडी रज्जाक आला,
चाराच्या जागी सहा स्क्रू पिळून गेला.
चहा घेतला नाही. ‘अप्पा रागवतेत.’

सगळंच गोड होतं असं नाही.
दुकानात रेडिओ लावू देत नसत.
बायकोशी चारचौघांत दोन शब्द बोललेले
मी तरी ऐकले नाहीत,
आणि रज्जाकचा पगार वीस वर्षांत किती वाढला
ते त्या दोघांनाच ठाऊक.
गंजका माल मात्र गंजका म्हणूनच विकला.

त्र्याण्णवच्या त्या पहाटे मी दवाखान्यात होते,
हात मोकळा नव्हता, म्हणून हे पाहिलेलं नाही.
रज्जाकनं सांगितलेलं :
जमीन अजून थरथरत होती
आणि अप्पा दुकानाच्या फळ्या काढत होते.
फावडी, टिकाव, पहारी, घमेली, दोराची वेटोळी,
जीप थांबंल तिच्यात, ट्रॅक्टर थांबंल त्याच्यात.
नाव विचारलं नाही कुणाचं.
वहीत त्या तारखेला एकच ओळ :
माल किल्लारीकडं गेला.
पुढचा रकाना कोरा.

महिन्यानं काही फावडी परत आली,
कडा झिजलेली.
ती त्यांनी विकली नाहीत. धुतलीही नाहीत.
मग किल्ल्या येऊ लागल्या,
ढिगाऱ्यात सापडलेल्या, दारं नसलेल्या.
कुलपं विकणाऱ्याकडं नाही द्यायच्या
तर द्यायच्या कुणाकडं?
डालड्याच्या डब्यात ठेवल्या त्यांनी.
काय करणार ह्यांचं, मी एकदा विचारलं.
‘गंजू नाही, एवढंच.’
दर वर्षी दिवाळीच्या आधी
तेलाच्या फडक्यानं एकेक पुसत बसायचे,
गिऱ्हाईक ताटकळत ठेवून.

आज गेले होते.
त्यांच्या थोरल्यानं, गुरुलिंगनं, घंटा उंच बांधल्यात.
मी काउंटरपाशी उभी राहिले तरी
त्याला बराच वेळ कळलं नाही.
मग म्हणाला, बसा सिस्टर,
आणि डबा पुढं सरकवला.
‘भंगारवाला किलोवर मागूलालाय. काय करू?’

माझ्या दाराला आता स्टीलची लॅच आहे.
जुनी कडी काढताना सहावा स्क्रू हललाच नाही.
सुतार कंटाळला, तशीच लोंबकळत ठेवून गेला.
हे त्याला कशाला सांगू?

त्याचं लेकरू झाकणाशी खेळत होतं.
मी चष्मा पुसला, खुर्ची ओढली.
तेलाची बाटली कुठं असते
ते मला माहीत होतं.