दोन खुणांच्या मध्ये

मर्थरमध्ये सपाट जागा एकच,
चॅपलमागची. तिथे गाडी लावून
एमरिस म्हणतो, थांब, घाई नको,
तेल खाली निथळू दे.

मी डिपस्टिक ओढतो, जुन्या बनियनला पुसतो,
खुपसतो, पुन्हा ओढतो.
खालच्या खुणेच्या केसभर वर
मधाच्या रंगाची ओली रेघ.

"नऊ हजार फेरे घेणारं इंजिन हे,
तेल पितं. बोलत नाही मात्र.
दिवा लागायची वाट पाहशील, तर लावलेस दिवे."
वीस वर्षं त्यानं खाणीतल्या पंख्यांना वंगण घातलं.
एकदा विसरला, एवढंच सांगतो.

अर्धा लिटर ओततो. थंडीनं धार जड,
फनेल म्हणून बाटलीचा कापलेला गळा.

पहिली दहा मिनिटं काटा तीनच्या पुढे नाही;
मागचा व्हॅनवाला हॉर्न बडवतो, बडवू दे.
मग डोंगरमाथ्यावर, तेल नव्वद अंशांवर आलं की
पाय खाली: सात, आठ, साडेआठ,
आणि कुठेच खरखर नाही.

परत आल्यावर तो तापल्या बॉनेटपाशी
कान नेतो, "उद्या पुन्हा बघ," म्हणतो,
आणि स्वतःच्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना
शिव्या घालत पायऱ्या चढतो.