चहाचा डबा

दुकान म्हणजे जिन्याखालची बोळकांडी.
वर टेकडी, खाली बंदर, मध्ये मी आणि एक भिंग.
वाल्पाराइसोत माणसांपेक्षा फोन जास्त घसरतात;
एकशे साठ पायऱ्यांवरून
टप टप टप खाली येतात
आणि त्यांच्यामागून धापा टाकत त्यांची माणसं.

"काच बदला," म्हणतात.
मी म्हणतो, "आकडे लिहून द्या, चालू होतो का बघावं लागेल."
आणि देतात हो लिहून!
भाजीच्या पावतीमागे, बसच्या तिकिटावर,
एकाने तर माझ्याच तळहातावर.
शेजारणीकडे घराची किल्ली ठेवताना
तीनदा विचार करणारी ही माणसं.

चिठ्ठ्या मी चहाच्या डब्यात टाकतो.
अर्ध्या टेकडीचा आकडा २७०२,
ज्या रात्री जमीन हलली ती तारीख.
एर्मिनियाबाईंचा, जुन्या घरातल्या काळ्या फोनचे शेवटचे चार;
तो उचलायला आता कोणी नाही.
मासेवाला ओस्वाल्दो: चार शून्यं.
"माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?"

आहे, ओस्वाल्दो.
काच तपासताना तुझे फोटो उघडले होते मी,
क्षणभर.
पुढचं सांगत नाही.

मंगळवारी एक गृहस्थ आले.
बूट फार स्वच्छ, आमच्या चढावर न शोभणारे.
दारिओचा फोन हवा होता त्यांना,
मोर्च्यात पायांखाली आलेला,
माझ्या टेबलावर पोट उघडं टाकून पडलेला.
कागद दाखवला. शिक्का होता, सही होती,
न्यायाधीशाचं नाव तेवढं नव्हतं.
मी वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"नाव येईल मागाहून. तोवर आकडे तरी द्या.
लिहून ठेवले असतीलच."

हे यांना कुणी सांगितलं, मी विचारलं नाही.
सगळ्यांनाच माहीत असतं.

"नाव आलेला कागद आणा," म्हणालो.
आवाज माझाच होता, जरा बारीक.
ते हसले. दारातल्या कुत्र्याला थोपटलं.
"गुरुवारी," म्हणाले.

त्या रात्री डबा उपडा केला,
एकेक चिठ्ठी बर्नरवर धरली.
सुंभ जळाला, पीळ डोक्यात तसाच:
अंथरुणावर पडलो तर छताला लागून
सुतारणीचे १९५१, बेकरीतल्या पोरीचे ८०३८,
त्या दोघा भावांचे, जे बोलत नाहीत एकमेकांशी
आणि आकडा मात्र एकच.
बत्तीस वर्षांत बायकोचा वाढदिवस ध्यानात राहिला नाही
आणि हे सगळं पाढ्यांसारखं पाठ.

नाव आलेला कागद आला तर
रिकामा डबा पुढे करेन.
डोकं कुठे ठेवू?

बुधवारी दारिओला निरोप धाडला.
नवी काच बसवून फोन त्याच्या हातात दिला.
"आकडे बदल. आत्ता. सहा ठेव, चार नको."
"कुठले ठेवू?"
"मला विचारू नकोस!"
ओरडलोच. कुत्रं दचकून उठलं.

मी पाठ फिरवली.
समोर खिडकी, बाहेर दाट धुकं,
त्यामुळे काचेत
त्याचा अंगठा अगदी स्वच्छ.
डोळे मिटले. मिटले तर कान उघडे:
इतकी वर्षं या काचांवर घालवल्यावर
बोट वर गेलं की खाली, ते ऐकूनही कळतं.

मग गरम हवेची बंदूक सुरू केली,
रिकाम्या टेबलावर धरून उभा राहिलो,
लाकूड तापून वास यायला लागला
तरी धरूनच.

"झालं का रे?"

"केव्हाच," तो म्हणाला. "पैसे किती?"