शेऱ्याचा रकाना

मंगळवार, दुसरा तास. ब्लायनाय फेस्टिनिओग.
खिडकीबाहेर डोंगर नाही, डोंगर फोडून उरलेला ढीग,
दीडशे वर्षांच्या फुटक्या पाट्या.
वर्गात सत्तावीस मुलं, चौदा-पंधराची,
आणि मागच्या बाकावर कार्डिफहून आलेली मी,
मांडीवर प्रश्नावल्यांचा गठ्ठा,
'धड्याआधी' पिवळ्या, 'धड्यानंतर' निळ्या.

मला शिकवायचं नाही.
शिकवलेलं मोजायचं आहे.

तेगिद सर दिवे मालवतात.
पडद्यावर एक मुलगी फोटो पाठवते.
काय पाठवते ते दिसत नाही, तिचा अंगठा दिसतो.
मग ती रडते, न्हाणीघराच्या फरशीवर, व्हायोलिनसकट.
तिच्या हातातला फोन घडीचा.
"आमच्या आजीकडे होता असला," मागून कुणीतरी,
आणि वर्ग हसतो.
मी घड्याळ बघून लिहिते: दहा अठरा, हशा.
कशाचा, त्याला चौकट नाही.

मग पोलीसबाई येतात, गणवेशात, समजूतदार आवाजात.
म्हणतात, पाठवणाराही गुन्हेगार ठरू शकतो.
मग फळ्यावर: पाठवण्याआधी विचार करा.
मी वाट बघते, पुढच्या ओळीत येईल:
पुढे ढकलण्याआधी.
घंटा होते.

दुपारी ग्रंथालयात सहाजण, बिस्किटं, माझा रेकॉर्डर.
इओलो म्हणतो, तिने पाठवलाच का?
टाळी एका हाताने वाजत नाही, मिस.
हेलेद इतका वेळ बिस्किटाचा भुगा करत होती, खात नव्हती.
ती बशीकडे बघून म्हणते,
"दोन हात? सत्तर फोन होते."

कोणाचे, कधी, कुणी विचारत नाही.
सगळ्यांना ठाऊक असतं तेव्हा कुणी विचारत नाही.
इओलोचे कान लाल होतात.
नियमाप्रमाणे मी रेकॉर्डर बंद करते,
नियमाप्रमाणे तिला एकटीला विचारते, कुणाला सांगू,
ती एक नाव देते, मी त्या दारावर टकटक करते.
तो कागद वेगळा. तो माझ्या बेरजेत धरायचा नाही.

रात्री गेस्टहाउसच्या खोलीत मी बेरजा मांडते.
'कायदा माहीत आहे': अकरा होते, चोवीस झाले.
छान. आलेख डौलात चढतो.
'असं झालं तर कुणाला सांगाल?'
पिवळ्यांवर सतरा जणांनी लिहिलं होतं,
आई, मामी, ताई,
एकाने तर जेवण वाढणाऱ्या मौरा बाई.
निळ्यांवर तेरा.

मी पुन्हा मोजते. तेराच.
मौरा बाईंवर काट मारलेली,
त्याच गिचमिड अक्षरात खाली:
आता कळलं, गुन्हा माझाच आहे.

चाळीस मिनिटांत आम्ही चार तोंडांना कुलूप लावलं,
आणि आलेख डौलात चढतो.

सकाळी एनिड बाई नाश्त्याची पाटी
तळहाताने पुसतात, काल अंडी होती, आज मासे.
म्हणतात, लहानपणी आम्ही थुंकीने पुसायचो,
मार खायचो, पण पुसली जायची.
मी मान हलवते. चहा जास्त कडू झालाय.

निधी देणाऱ्यांना एका ओळीत हवं आहे:
धडा लागू पडला, की नाही?
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिते: फोन नवा दाखवा.
खोडते.
लिहिते: पोलीसबाईंचं वाक्य काढा.
ते राहू देते.
मग: मुलीला उठवा त्या फरशीवरून.
कॅमेरा त्या सत्तराव्याकडे न्या,
ज्याने काही केलं नाही,
नुसतं बघितलं आणि फोन खिशात टाकला,
आणि दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी बसून
पट्टी उसनी मागितली.

रकाना तीन ओळींचा. अक्षरं समासात चढली आहेत.
आणि ती निळी प्रश्नावली
मी गठ्ठ्यात क्रमाने लावलेली नाही.
ती सगळ्यात वर आहे.