परिच्छेद चौथा : विरुद्ध बाजू

मॅडम म्हणाल्या, आधी मत मांड,
पुरावे दे, मग विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे लिही
आणि मगच ती खोड.
अडीच हजार शब्द. सोमवारपर्यंत.
भूगोल, तिसरं वर्ष. विषय मीच निवडलेला :
शहराचं तापमान मोजतात विमानतळाजवळ,
आम्ही झोपतो गोळीबार चौकात.

पहिले तीन परिच्छेद भराभर झाले.
दोन थर्मामीटर, सव्वीस रात्री.
एक मधुरिमाच्या धरमपेठेतल्या गच्चीवर,
आंब्याच्या फांद्या कठड्यावर टेकतात तिथं,
एक आमच्या टिनांखाली, देवाच्या फळीशेजारी.
रात्री दीडला फरक साडेचार अंश.
आलेखात आमची रेघ लाल.
तारेत अडकलेल्या पतंगासारखी
पहाटेपर्यंत खाली येत नाही.

चौथ्याशी दोन दिवस अडले.
विरुद्ध कोण बोलेल?
ग्रंथालयात कुणी सापडलं नाही.
घरी बाबा ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून
कूलरमध्ये बादली रिकामी करत होते.

"काय लिवून राहिली वं?"
"आपल्याकडे जास्त गरम होते, हे."
"याच्यासाठी कॉलेज लागते?"
मग बादली खाली ठेवून, जरा गंभीरपणे :
"आपुन नागपूरचे. ऊन आपल्याले ओळखते.
एकतीस वर्सं मागावर बसलो.
पंख्यानं सूत सुके, तटकन तुटे,
म्हनून पंखाच बंद.
मेलो काय?"

मी जसंच्या तसं उतरवलं,
मग निबंधाच्या भाषेत आणलं :
'काहींच्या मते स्थानिक रहिवाशांनी
उष्णतेशी जुळवून घेतले आहे.'
वाक्य स्वच्छ झालं.
त्यातून मागाचा खटका गेला, सूत गेलं,
बाबा तर कधीच गेले.

आता खोडायचं.

पुरावा होता माझ्याकडे, फक्त वहीत नव्हता.
कौसाआत्या मे महिन्यात रात्री एकनंतर
चौकातल्या एटीएममध्ये जाऊन बसते.
हातात जुनं पासबुक, कुणी हटकू नये म्हणून.
कार्ड तिच्याकडे नाही, कधीच नव्हतं.
पहारेकरी झनकलाल, छिंदवाड्याचा,
आपलं स्टूल तिला देतो आणि म्हणतो,
"बैठो अम्मा, मशीन अभी सोच रही है."
तासभर ती थंड काचेला पाठ लावून
सुतळी तुटलेलं पासबुक चाळते.

तिला सोडायला बाबा जातात.
आत येत नाहीत. पायरीवर बसतात,
दाराला खालून फट आहे तिथं,
पाय लांब करून,
कुणी विचारलंच तर बहिणीची वाट पाहताहेत.

चार ओळींत मावलं असतं हे.
विरुद्ध बाजू जागीच कोसळली असती.
मॅडमनी समासात 'उत्तम' लिहिलं असतं.

पेनाचं टोपण चावत बसले.
शेवटी विचारलं, लिहू का?
बाबांनी कूलरच्या गवतावर पाणी मारलं,
एकदा, दोनदा. वाळ्याचा वास सुटला.
"आत्याचं लिव," म्हणाले,
"तिले काई वाटत नाई. पन मानूस एकच लिव.
मी तं बाहेर होतो."

नमुना संख्या : एक.
स्रोत : प्रत्यक्ष निरीक्षण.
रविवारी रात्री झेरॉक्सवाल्याचं शटर
अर्ध्यावर असताना प्रत काढली,
पानं गरम होती, तशीच छातीशी धरून आणली.

सकाळी जमा करण्याआधी,
बसस्टॉपवर, गुडघ्यावर फाइल ठेवून,
शेवटच्या पानाखाली पेन्सिलीनं,
अगदी पुसट, खोडता येईल इतपत,
एक तळटीप घातली :
दाराबाहेर आणखी एक.