भोकाचे पैसे

मशीन कणकवलीहून आणलं, दिवसाला आठशे,
बॅटरीचे वेगळे.
मुंबईहून दोघे भाऊ आले, सोबत धाकट्याचा मेहुणा.
तो व्हिडिओ पाहून शिकला होता
कुठला आवाज लोखंडाचा, कुठला सोन्याचा.

आजा जाताना म्हणाला होता म्हणे,
"तिसऱ्या माडाच्या मुळात."
बोटीवरचा खलाशी तो, एडन-मोम्बासा करून आलेला,
पितळी कड्यांची पेटी खांद्यावर.
पेटी सगळ्या वाडीने पाहिली. आतलं कुणी नाही.

तिसरा, पण कुठून?
घराकडून मोजला तर तिथे आता संडासाची टाकी.
खाडीकडून मोजला तर तो विजेने जळाला,
मी पहिलटकरीण होते त्या साली.
समुद्राकडून मोजायचा तर
आमच्या तळाशीलात दर पावसाळ्यात
समुद्रच एकेक माड मोजून नेतो.
त्याचा तिसरा केव्हाच होऊन गेला.

"सगळीकडेच खणूया," थोरला म्हणाला.

मी चहा टाकला.
निघालं ते असं:
सायकलची घंटा, स्टोव्हचा बर्नर,
चिऱ्यात अडकलेला गळ, कुणाच्या तरी कंदिलाचं बूड,
खिळे, खिळे, आणि एक चमचा
ज्याच्यावरून माझी नि धाकट्याची मारामारी झाली होती.
त्याला आठवलं नाही.

न्हाणीमागे, जिथे आई चुलीतली राख टाकायची,
मशीन बारीक बोललं, चोरून बोलल्यासारखं.
जोडवं.
मी चौथीत होते. चार दिवस आई राख चाळत होती
पिठाच्या चाळणीने,
आणि पाचव्या दिवसापासून ते पीठ
आम्हाला दाताखाली लागायचं.
मेहुण्याने नखाने खरवडलं, तळव्यावर तोललं.
"दोनेक ग्रॅम."
"माका नको, तूच ठेव," थोरला म्हणाला.
रात्री मी ते पायात घालून पाहिलं.
गेलं नाही. आईचं बोट इतकं बारीक होतं
हे मला ठाऊक नव्हतं.

पडवीत मात्र मशीन किंचाळलं.
खुंटीवर बापाचा पाग, अजून ओलसर,
कालच मी खाडीवर नेलेला.
"शिसां असता रे त्येका. जाळां म्हणजे वाजतलांच."
आणि सगळे फावडी घेऊन परसात गेले.

शिसं होतंच.
पण ज्या वर्षी शिसं महागलं
त्या वर्षी बापाने आज्याची पेटी उघडली
आणि पागाच्या घेराला ओवले भोकाचे पैसे,
दोन गोळ्यांच्या मध्ये एक.
भोक पाडायचे कष्ट सरकारनेच घेतलेले.
एकोणीसशे त्रेचाळीस, वर मुकुट, मधे काही नाही.
त्यांच्यावर मी मोजायला शिकले,
बाप दोरा वळायचा, मी आकडे म्हणायची.
तेव्हा एकशे अठरा.
आता एकशे एक. सतरा खाडीत आहेत,
कुठे ते मी साधारण सांगू शकेन.

पेटीत एवढंच होतं का?
मी विचारलं होतं बापाला.
तो पाग झटकत होता, माझ्या तोंडावर पाणी उडालं,
नि मग शेवटे निवडायचे होते.

भावांना का नाही सांगितलं?
कुणी विचारलं नाही.
शिवाय हातात कपबशा होत्या.

अकरा खड्डे पाडून ते गेले. चार बुजवले.
उरलेल्या सातांत मी मीठ नि शेणखत घालून ठेवलंय,
मिरगाला माडाची रोपं लावीन.
ओळीने नाहीत ते खड्डे, कसेही आहेत.
तिसरा कुठला, पुढच्यांनी बघावं.

परवा धाकट्याचा फोन आला.
गोव्यात मोठं मशीन मिळतं, दोन मीटर खोल बघणारं,
मे महिन्यात घेऊन येऊ का?

म्हटलं, ये.
पण येताना अर्धो किलो शिसां घेवन ये,
घेर एका बाजूक हलको झालो हा.